बावीस दिवस काहीच झालं नाही

"कामाच्या तयारीत अनावश्यक वेळ व साहित्य वाया घालवतात."

सत्तारभाईंना नोकरीत मुदतवाढ नाकारताना आमच्या कंपनीनं पत्रात लिहिलेलं हे वाक्य. मला ते माहीत आहे, कारण पत्र हातात पडल्यावर ते सरळ माझ्याकडे आले होते. मराठी त्यांना चांगलं वाचता यायचं, पण कार्यालयीन मराठी समोर आलं की आपलंच काहीतरी समजायचं राहून गेलं असं त्यांना वाटायचं. "ताई, ह्याचा मतलब सांगा," म्हणाले. मी सांगितला. त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली आणि विचारलं, "वाया काय गेलं पण? समदं तर परत जमा केलं मी."

वाळूजमधल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मी स्टोअर सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. नटबोल्टपासून क्रेनच्या हुकापर्यंत सगळं माझ्या दारातून जातं आणि माझ्याच दारातून परत येतं. त्यामुळे कोण माणूस वस्तू कशी मागतो, कशी वापरतो आणि कशी आणून टाकतो, हे मला त्याच्या घरच्यांपेक्षा जास्त कळतं. सत्तारभाई वस्तू पुसून परत करायचे. एकोणीस वर्षांत असा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

उंच, वाळका देह. शर्टाच्या बाह्या भर मे महिन्यातही मनगटापर्यंत बटण लावून बंद. कानामागे खडू. खांद्यावर एक जाडाभरडा टॉवेल, त्याला कोणी हात लावलेला चालायचा नाही. सकाळी वेल्डिंग सुरू करायच्या आधी ते दोन्ही तळवे पुसायचे, मग हातमोज्यांत हात घालून आतली बोटं एकेक चाचपायचे, मग वेल्डिंगचा रॉड धरायच्या होल्डरची मूठ पुसायची, मग पायाखालची जागा बघायची. दहा मिनिटं जायची. पोरं त्यांना 'पुसापुशीवाले चाचा' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. घामानं निथळत कोणी त्यांच्याशी बोलायला आला की ते टॉवेल नव्हे, कापसाच्या चिंध्यांचा बोळा त्याच्याकडे फेकायचे आणि म्हणायचे, "पहले सूखा हो. बाद में बोल."

एकदा त्यांनी मालकांच्या भावालाही हेच सांगितलं. ते बिचारे पुसून बोलले.

माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. चारचौघांत बोलायचे, लागेल असं बोलायचे. दिलीप नावाचा आमचा दुसरा वेल्डर आहे, हाताला उत्तम. त्याच्या होल्डरची मूठ तडकलेली बघून सत्तारभाईंनी त्याला सगळ्या वर्कशॉपसमोर विचारलं होतं, "तेरे घर में खानेवाले कम करने हैं क्या?" दिलीप दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. मूठ मात्र त्यानं त्याच दिवशी बदलून घेतली.

रॉडच्या बाबतीत तर ते हटवादीच होते. जाड पाइपच्या जोडाला जो रॉड लागतो तो दमट असून चालत नाही. दमट रॉडनं केलेला जोड वरून सुरेख दिसतो आणि आतून पोकळ राहतो, नाहीतर चार दिवसांनी तडकतो. सत्तारभाई पाकिटातले दोन रॉड काढून कानाशी एकमेकांवर आपटायचे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की सगळं पाकीट बाजूला.

"काय चाचा, टाळ वाजवता का?" गणेश विचारायचा. गणेश आमचा फिटर, पैठणजवळच्या गावचा, जिभेला हाड नसलेला.

"हौ. तू भजन म्हण."

रॉड भाजायची भट्टी आमच्याकडे आहे. म्हणजे भट्टीचं खोकं आहे, आतली उष्णता टिकत नाही. दुरुस्तीसाठी मी तीनदा लेखी दिलं, तिन्ही कागद वरच राहिले. शेवटी सत्तारभाईंनी आपला मार्ग काढला. जुन्या शहरात त्यांचा एक मावसभाऊ आहे, हमीद. त्याची बेकरी आहे. पाव आणि टोस्ट निघाले की रिकाम्या भट्टीत पत्र्याच्या ट्रेवर हमीदभाई आमचे रॉड ठेवायचे. सत्तारभाई तिथं दोन तास स्टुलावर बसून राहायचे, मग गरम रॉड टोस्टच्या डब्यांत भरून झाकणाला टेप लावायचे आणि डबे मांडीवर घेऊन शिफ्टच्या बसनं वाळूजला यायचे. बसमधली माणसं टोस्ट मागायची. सुट्टीच्या दिवशी, आपल्या वेळात, कंपनीचे रॉड. याची नोंद कोणत्याच पत्रात नाही.

हे सगळं बघून नव्या माणसाला एकच प्रश्न पडायचा. मलाही पडला होता. मी एकदा विचारलं, "सत्तारभाई, तुमच्या जवळच्या कोणाला शॉक बसला होता का?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना चोर म्हटलं होतं.

"सगळे हेच विचारतात. कोण मेला, कोण मेला. अरे, कोणी मेला तरच अक्कल यायला पाहिजे का माणसाला? तुम्ही कुलूप लावता ना स्टोअरला? चोरी झाली होती का?"

झाली नव्हती.

तर ते काम. घाटाखाली, कोकणातल्या एका कारखान्याला नदीतून पाणी उचलणारी पाइपलाइन. जुने पाइप गंजून गळत होते, नवे टाकून जोडायचे होते, आणि भर जुलैत. नदीकाठच्या चरात बसून वेल्डिंग. चार माणसं जाणार: सत्तारभाई, दिलीप, गणेश आणि एक हेल्पर.

सत्तारभाई तेव्हा साठीला टेकले होते. दर वर्षी ऑगस्टात त्यांना एकेक वर्ष वाढवून मिळायचं. अजून दोन वर्षं त्यांना हवीच होती. धाकटी मुलगी फार्मसीला होती, तिचं पुरं व्हायचं होतं. आमच्या प्रोजेक्टच्या साहेबांना हे ठाऊक होतं. त्यांनी सत्तारभाईंना बोलावून माझ्यासमोर सांगितलं, "पार्टीला घाई आहे. वेळेत निघा, वेळेत या. ऑगस्टात तुमची फाइल माझ्याच टेबलावर येणार आहे."

"हौ साब," म्हणून सत्तारभाई बाहेर आले आणि त्यांनी वहीचं पान फाडून यादी करायला घेतली.

वेल्डिंगच्या मशीनचा करंट कोरड्या माणसाला सहसा फार काही करत नाही. ओल्या माणसाला करतो. हातमोजा ओला, कपडे ओले, पाय चिखलात, पाठ ओल्या लोखंडाला टेकलेली, म्हणजे करंटला माणसातून जायला मोकळा रस्ता. एवढं समजायला इंजिनिअर लागत नाही. सत्तारभाईंच्या यादीत होतं ते असं: जुना ट्रान्सफॉर्मर नको, ओल्यात कमी धोक्याचं नवं डीसी मशीन द्या. केबल सलग, मध्ये टेप लावून जोडलेली नको. करंट गळला की आपोआप बंद पडणारी पेटी. ताडपत्र्या आणि बांबू. रबरी चटया. पाइप तापवून कोरडा करायला गॅसचा बर्नर. रॉड ठेवायला आत बल्ब जळणारी पेटी. आणि चामड्याचे हातमोजे, वीस जोड्या.

साहेबांनी लाल पेन काढलं.

"वीस जोड्या? वेल्डर दोन, हात चार. दोन-दोन जोड्या पुरे. एक ओली झाली की वाळत घालायची, दुसरी वापरायची."

"कुठं वाळत घालू, साब?"

"दोरीवर."

"दोरीबी पावसातच हाय."

साहेबांना ते उद्धट वाटलं. मला आजही त्या लाल रेघेचा राग येतो, कारण तो माणूस दुष्ट नव्हता, फक्त वाळूजच्या उन्हावर हिशोब करत होता. आमच्याकडे धुतलेली गोधडी दुपारपर्यंत कडक होते. पावसाळ्यातही चार थेंब पडले की मधे दोन दिवस ऊन. कोकणात जुलैमध्ये चामड्याचा मोजा ओला झाला की आठवडाभर वाळत नाही, उलट त्याला बुरशी येते. हे सत्तारभाई सांगत होते आणि ज्यानं घाटाखालचा पाऊस फक्त सहलीत पाहिला होता तो माणूस ते खोडत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः जाऊन चार रेनकोट आणले. पिवळे, चकचकीत, प्लास्टिकचे. "ही घ्या तुमची पावसाची तयारी," असं मोठ्यानं म्हणून माझ्या काउंटरवर ठेवले.

सत्तारभाईंनी एक उचलला, शॉपमध्ये नेला आणि त्याची बाही एका भंगार प्लेटशेजारी पसरून चार बोटं वेल्डिंग केलं. परत आले तेव्हा बाहीची चाळण झाली होती आणि कडा आक्रसून गोळा झाल्या होत्या.

"ताई, हा एक कमी करा. तीन जमा करून घ्या."

"कंपनीचा माल जाळला तुम्ही!" साहेब ओरडले.

"हौ साब. आत माणूस नव्हता तोपर्यंत जाळला."

निघायच्या दिवशी सकाळी आठला टेम्पो भरून तयार होता. सत्तारभाई आले, त्यांनी टेम्पोत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "खाली उतरवा."

सगळं सामान फाटकासमोर जमिनीवर मांडलं गेलं. ते वाकून एकेक वस्तू बघत, खडूनं खूण करत चालले. केबल हातातून सरकवत गेले आणि दोन ठिकाणी थांबले. दोन्हीकडे टेप. ती केबल बाजूला. हातमोजे मोजले: चार जोड्या. बंद पडणारी पेटी: नाही. आपल्या घरून मात्र त्यांनी जेवणाचे दोन लाकडी पाट आणले होते, ते त्यांनी चटयांवर ठेवले.

"चाचा, वेल्डिंगला चाललो का पंगतीला?" गणेशनं विचारलं.

"तू चिखलात बस. मी पाटावर बसतो. घरी कोण परत येतं, बघू."

साहेब केबिनमधून खाली आले. त्यांनी घड्याळ दाखवलं. पार्टीचा फोन येऊन गेल्याचं सांगितलं. ऑगस्टची आठवण करून दिली. सत्तारभाई उभे राहिले, टॉवेलनं हात पुसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साब, ऑगस्ट तक मेरेकू जिंदा तो रहना पडेगा ना."

दिलीप, जो त्यांच्याशी धड बोलत नव्हता, तो येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला.

मी स्टोअरचं कुलूप काढलं. दुसऱ्या एका कामासाठी राखलेल्या सोळा जोड्या होत्या, सलग केबलचं भेंडोळं होतं, आणि ती पेटीही होती, खोक्यात पॅक. सही नसताना दिलं. यात शौर्य वगैरे काही नाही. माल आत पडला होता आणि माणसं दारात खोळंबली होती. त्याबद्दल मला नंतर तोंडी समज मिळाली, ती मी उभ्यानं ऐकून घेतली. टेम्पो अकरा वाजता निघाला. तीन तास उशीर. हे तीन तास पुढे पत्रात आले.

तिथलं पुढचं मला गणेशनं सांगितलं. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. सत्तारभाईंनी पहिला अख्खा दिवस एक बोटही वेल्डिंग केलं नाही. चरावर ताडपत्री बांधली, कडेनं पाणी काढून द्यायला नाली खणली, मशीन उंच ओट्यावर ठेवलं. कारखान्याचा सुपरवायझर येऊन बोंबलला, "अहो, मी छत्री धरतो, तुम्ही सुरू करा!"

"छत्री तुमच्या डोक्यावर धरा," सत्तारभाई म्हणाले. "माझ्या डोक्याला काय होत नाय. पाय बघा माझे कुठं हायेत ते."

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. दर दोन तासांनी मोजे बदलायचे. ओली जोडी रॉडच्या पेटीशेजारी बल्बच्या उबेला. जोडायच्या आधी पाइपची दोन्ही टोकं बर्नरनं तापवून पुसायची. अंगातला सदरा घामानं भिजला तरी काम थांबवून बदलायचा. "घाम काय, पाऊस काय, दोन्ही पानीच," म्हणायचे. गणेश म्हणाला, "ताई, लई वैताग आणला त्यांनी. सासुरवास बरा. पण एक सांगू का? रात्रीला खोलीवरून घरी फोन लावताना आम्हाला कोणाला खोटं बोलावं लागलं नाय."

करंट तोडणारी ती पेटी तीनदा बंद पडली. एकदा मशीनची मेन केबल खडकावर घासून सोलली होती. एकदा मेनचा प्लग पाण्यात पडला. तिसऱ्यांदा दिलीपचा हात मशीनवर होता आणि मशीनला येणारी मेन वायर चेपून करंट मशीनच्या पत्र्यात उतरला होता. दिलीपला काही कळलंही नाही. मशीन गप्प झालं, एवढंच. सत्तारभाईंनी शोधून वायर दाखवली तेव्हापासून रोज सकाळी वायर तो स्वतः तपासायला लागला.

बावीस दिवसांत काम पुरं झालं. एकही जोड गळला नाही. चौघं गेले, चौघं आले. सत्तारभाईंनी आल्या आल्या माझ्या काउंटरवर सगळं मांडलं. मोजे कडक झालेले, कुबट वासाचे, पण वीसच्या वीस जोड्या, जोडीजोडीनं सुतळीत बांधून. केबल पुसून गुंडाळलेली. जमा केलेले तीन रेनकोट माझ्या फळीवर घडी न मोडता तसेच पडून होते.

दोन दिवसांनी केबिनमध्ये बैठक झाली. यादी घेऊन मला बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"किती अपघात झाले?" साहेबांनी विचारलं.

"एकबी नाय," सत्तारभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, तेवढा असायलाच हवा होता.

"कोणाला शॉक?"

"नाय."

"मग?" साहेबांनी हात पसरले. "काहीच झालं नाही ना? मग एवढं सगळं लागलं कशाला? तीन तास फाटकावर, एक दिवस ताडपत्री बांधण्यात. पार्टी माझ्या डोक्यावर बसली होती."

सत्तारभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "साब, काहीच झालं नाय, ते ह्याच्यामुळं झालं नाय."

"आणि ती पेटी," साहेब कागद बघत म्हणाले, "तीनदा बंद पडली असं लिहिलंय. म्हणजे तीही खराबच निघाली. मॅडम, कोणाकडून घेतली होती? परत करा."

मी सांगितलं की पेटीचं कामच बंद पडणं आहे. ती बंद पडली म्हणून दिलीप शॉपमध्ये काम करतोय, नाहीतर आपण त्याच्या घरी बसलो असतो. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही इमोशनल होऊ नका."

मी आयुष्यात फार कमी वेळा इमोशनल झाले आहे. तेव्हाही नव्हते. मला राग आला होता, आणि बाईला आलेल्या रागाला आपल्याकडे दुसरं नाव देतात. त्या टेबलाभोवती आम्ही दोघं सोडून पाच माणसं होती, चार पदवीधर. जखमी माणूस समोर आणला असता तर पाचही जणांना ती यादी समजली असती. दवाखान्याच्या खाटेवर पडलेला दिलीप त्यांना पुरावा म्हणून चालला असता. धडधाकट दिलीप चालत नव्हता. उलट मागच्या वर्षी एका साइटवर घसरून पाय मोडलेल्या माणसाचा त्यांनी 'कामाप्रती निष्ठा' म्हणून सत्कार केला होता, शाल देऊन. मी ती शाल स्टोअरमधून काढून दिली होती.

ऑगस्टात पत्र आलं. मी वर जाऊन बोलले, लेखीही दिलं. दिलीपनंही सही केली. भट्टीच्या दुरुस्तीच्या कागदांशेजारी तो कागद ठेवला गेला असेल. शेवटच्या दिवशी सत्तारभाई नेहमीसारखे संध्याकाळपर्यंत काम करत होते. जाताना त्यांनी आपला होल्डर काउंटरवर ठेवला, पुसलेला. "दिलीपला देऊ नका," म्हणाले. "मूठ ढिली व्हायला लागली. नवा द्या." आणि गेले.

परवा मी कामासाठी औरंगपुऱ्यात गेले होते. भुरभुर पाऊस होता, रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. स्कूटर एका कापडदुकानासमोर अडकली. दुकानाचं शटर अर्ध्यावर बसलं होतं, त्याच्या पट्टीचा जोड निघाला होता, आणि आतली गिऱ्हाइकं वाकून बाहेर बघत होती. पायरीवर सत्तारभाई बसले होते. दाढी पूर्ण पांढरी. शेजारी भाड्याचं छोटं मशीन. त्याचा प्लग त्यांनी बोर्डातून काढून आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता, दुसऱ्या कोणी चालू करू नये म्हणून.

"पाऊस कुठाय, चाचा?" दुकानदार कळवळून ओरडत होता. "नुसती भुरभुर आहे! दोन मिनिटांचं काम. माझं दुकान अडलंय!"

"भुरभुरबी पानीच हाय, सेठ."

त्यानं माझ्याकडे बघितलं, रस्त्यावरचा कोणीतरी साक्षीदार हवा होता त्याला. "बघा हो ताई! थेंब पडला की हे बसले. असं असतं का काम?"

"असंच असतं," मी म्हटलं.

सत्तारभाईंनी मान वळवली, मला ओळखलं, सलामासाठी हात कपाळाशी नेला. दुकानदारानं चिडून मोबाइल काढला. "राहू द्या. मी दुसरा वेल्डर बोलावतो."

"बोलवा ना," सत्तारभाई म्हणाले आणि पायरीवर थोडं सरकून शेजारी जागा केली. "आला की त्यालाबी बसवतो."